शुगर असलेल्यांचे कोरडे पाय अन् टाचेच्या भेगा: या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून मला १४ वर्षं झाली. जिंतूरला आमचं दुकान आहे, बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतली माणसं येतात, आणि टाचेच्या भेगांसाठी युरियाचं क्रीम हातात दिलं की निम्मे जण हमखास विचारतात, "युरिया? पऱ्हाटीला टाकतो तो?" एका काकांनी तर सरळ सांगितलं, "मग ट्यूब कशाला देता, घरी अर्धी गोणी पडलीय." हसू येतं, पण घाईघाईनं सांगावंच लागतं की काका तसलं काही करू नका, नाव एकच असलं तरी ट्यूबमधला शुद्ध केलेला अन् मापात टाकलेला असतो, गोणीतला पिकासाठीच राहू द्या.

मग माझा पुढचा प्रश्न असतो, शुगर आहे का? तर म्हणतात, "हाव, आहे की धा-बारा वर्षं झाली, पण भेगांचा अन् शुगरचा काय संबंध?"

संबंध आहे, अन् लई जवळचा आहे. आपल्या तळपायाला तेलाच्या ग्रंथीच नसतात. अंगाच्या बाकी कातडीला थोडंफार तेल आतून मिळतं, तळव्याला मिळतो तो फक्त घामाचा ओलावा. शुगर जुनी झाली, त्यातही कंट्रोलमध्ये नसली, की घाम सोडायला सांगणाऱ्या बारीक नसा खराब होतात आणि पायाला घाम येणंच बंद होतं. काही जणांचं तर असं असतं की बनियन घामानं ओलंचिंब पण पाय खडखडीत कोरडे. कोरडी कातडी कडक होते, ताणली जात नाही, वरून अंगाचं सगळं वजन टाचेवर, मग ती फाटते. आता खरी गोम ऐका, घामाच्या नसा जातात तेव्हा बऱ्याचदा दुखणं-पोळणं कळवणाऱ्या नसाही सोबतच गेलेल्या असतात. म्हणजे ज्या भेगेनं चांगला माणूस लंगडत चालला असता ती भेग घेऊन शुगरवाला माणूस दिवसभर रानात फिरतो आणि संध्याकाळी विचारलं तर म्हणतो काही नाही, थोडी टाच फाटलीय.

म्हणून पहिली चूक हीच धरा, "दुखत नाही ना, मग राहू दे." शुगर असलेल्या पायाचं न दुखणं ही चांगली बातमी नसते. पाय सांगणार नाही, तर डोळ्यांनी बघायचं, रोज, रात्री झोपायच्या आधी. तळवा दिसत नसेल तर आरसा खाली ठेवा, नजर कमी असेल तर सुनेला नाहीतर नातवाला मोबाईलवर फोटो काढायला लावा आणि तो मोठा करून बघा, आजकालच्या पोरांना ते सांगावंसुद्धा लागत नाही. काय बघायचं? नवीन भेग, भेगेत रक्त, लालसरपणा, फोड, बोटांच्या बेचक्यात पांढरं पडलेलं, घट्ट्याखाली काळपट-लाल डाग. आणि हात लावून बघायचं, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय का.

पाय बधिर झालेत का हे घरी तपासायची एक साधी पद्धत आहे, तिला इप्सविच टच टेस्ट म्हणतात. माणसाला झोपवून डोळे मिटायला लावायचे आणि अंगठा, मधलं बोट, करंगळी यांच्या टोकाला आपलं बोट अलगद एक-दोन सेकंद टेकवायचं, दाबायचं नाही, घासायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. दोन्ही पायांची मिळून सहा बोटं झाली. त्यातली दोन किंवा जास्त कळली नाहीत तर पायाची जाणीव कमी झालीय असं समजून डॉक्टरकडं जायचं. तिथं १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून नीट तपासतात. सगळं चांगलं असलं तरी वर्षातून एकदा पाय दाखवायचेच, जाणीव गेली असेल तर त्याहून लवकर लवकर. आपल्याकडं शुगरचा माणूस डॉक्टरपुढं बसतो, रिपोर्ट दाखवतो, गोळ्या लिहून घेतो अन् उठतो. चप्पल काढून पाय दाखवणारा मला तरी क्वचितच भेटला.

गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसणं

हे तर घरोघरी चालतं. सून कौतुकानं बंबातलं पाणी काढून घमेल्यात देते, त्यात मूठभर मीठ, वरून जंतू मरावेत म्हणून जंतुनाशक लिक्विडचे दोन झाकण, आणि सासरे अर्धा तास टीव्ही बघत पाय बुडवून बसतात. यात तीन घोटाळे आहेत. जास्त वेळ भिजलं की कातडीतला स्वतःचा ओलावा धरून ठेवणारा अंश निघून जातो, म्हणजे बाहेर काढल्यावर पाय आधीपेक्षा जास्त कोरडा. मीठ अन् जंतुनाशक त्यात भर घालतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाणी किती गरम आहे ते पायाला कळतच नाही. माझ्याकडं एक आजोबा फोडांचं मलम मागायला आले होते, दोन्ही घोट्यांपर्यंत पट्टी मारल्यासारखी सरळ लाल रेघ, जिथपर्यंत पाणी होतं तिथपर्यंत भाजलेलं. आजोबा म्हणायलेत, "पाणी तर कोमटच होतं."

पाणी कोपरानं बघायचं, पायानं नाही. हाताचीही जाणीव कमी असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला हात घालून बघायला सांगायचं. कोमट पाणी, साधा सौम्य साबण, धुऊन लगेच बाहेर, चार-पाच मिनिटांच्या वर नाही. आपल्याकडं बोअरचं पाणी जड असतं, साबणाचा पांढरा थर कातडीवर तसाच राहतो अन् त्यानं पण कोरडं पडतं, म्हणून साबण कमी आणि धुणं नीट. बायकांचं अजून एक असतं, धुणं धुताना तास-तासभर अनवाणी साबणाच्या पाण्यात उभं राहायचं. तिथं प्लॅस्टिकची चप्पल घाला नाहीतर पाटावर बसा. थंडीत शेकोटीला पाय शेकणं अन् गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपणं हेपण यातच आलं, ते पूर्ण बंद.

वज्री, ब्लेड आणि कॉर्नची पट्टी

इथं मला स्वतःची गोष्ट सांगावी लागते, आवडत नाही तरी.

बाबांना १६ वर्षांपासून शुगर. उजव्या तळव्याला करंगळीच्या खाली घट्टा झाला होता, त्याला आम्ही कुरूपच म्हणायचो. दुकानात कॉर्नच्या पट्ट्या असतातच, एक काढली आणि मीच लावून दिली. त्या पट्टीत सॅलिसिलिक ॲसिड असतं, कडक कातडी विरघळवायचं त्याचं काम, पण कडक कुठं संपली अन् चांगली कुठं सुरू झाली हे त्या ॲसिडला कळत नाही. ज्याला जाणीव आहे तो माणूस आग झाली की ओढून काढतो. बाबांना आग झालीच नाही. चौथ्या दिवशी पट्टी काढली तर आजूबाजूची कातडी पांढरी फट्ट अन् मधोमध रुपयाच्या नाण्याएवढं खोल. भरायला अडीच महिने लागले, एक दिवसाआड ड्रेसिंग. आणि त्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की डायबेटीस असलेल्यांनी वापरू नये, मी ते पाकीट शेकड्यांनी विकलेलं. तेव्हापासून कॉर्नची पट्टी मागितली की आधी शुगर विचारतो, आहे म्हणले की देत नाही. समोरच्या दुकानातून घेतात तो भाग वेगळा.

घट्टा म्हणजे तिथं दाब जास्त पडतोय एवढाच त्याचा अर्थ. वरून कितीही खरवडा, दाब तसाच असेल तर परत येणार. घट्टा जाड झाला की तो स्वतःच आतल्या मांसाला चप्पलेतल्या खड्यासारखा दाबतो आणि खाली जखम तयार होते, बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून मघाशी सांगितलेला काळपट-लाल डाग दिसला की क्रीमबीम बाजूला ठेवून डॉक्टर. घट्टा कापायचा असेल तर तो शिकलेल्या माणसाकडून. घरी ब्लेडनं नाही, नखं काढायला येणाऱ्याच्या नराणीनं तर नाहीच.

वज्रीचं म्हणाल तर पायाला चांगली जाणीव आहे अन् टाच नुसती खरखरीत आहे अशांनी अंघोळीनंतर हलक्या हातानं एक-दोनदा फिरवली तर ठीक. बधिर पाय असेल तर वज्रीला हातच लावू नका. ती धातूची दातेरी वज्री तर टाकूनच द्या, त्यानं टाच गुळगुळीत होत नाही, बारीक बारीक चिरे पडतात आणि दोन आठवड्यांनी कातडी अजून जाड येते.

बिब्बा, चुना, मेण, गम

मराठवाड्यात बिब्ब्याची सवय जात नाही. भेग खोल गेली की बिब्बा तापवून त्याचं तेल भेगेत सोडायचं, जुनी माणसं अजूनही करतात. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, फोड आणतं, कुणाकुणाला तर अंगभर खाज अन् सूज येते. आजीच्या काळात चटका बसला की माणूस बोंबलायचा, म्हणून प्रमाण राहायचं, बधिर पायाला ते प्रमाण कोण सांगणार? चुन्याचंही तेच, हळद-चुना मुका मार लागल्यावर लावतात तो भेगेत भरला तर आतून भाजतो. मेण-तेल गरम गरम ओतणं, तसंच. आणि ती लहान ट्यूब असते बघा, दोन थेंबात काच चिकटवणारी, ती भेगेत भरून "बंद केली की हो भेग" म्हणणारे तरुण पोरं मी पाहिलेत. घाण आत, गम वर, आणि पू व्हायला झाकण मिळालं.

काशाच्या वाटीनं तूप चोळायचं काय, असं विचारतात. पायाची आग होते म्हणून आमची आत्याही करायची. ती आग नसांची असते, वाटीनं जात नाही, पण चोळल्यानं बरं वाटतं हे मीही नाकारत नाही. कातडी अखंड असेल तर हलक्या हातानं करा, नंतर तो काळा थर धुऊन पाय पुसा, कारण त्या काळ्यात भेग दिसत नाही. मेहंदी थापण्याला माझा जास्त विरोध आहे, एक तर ती वाळताना कातडीला अजून कोरडं करते, अन् महिनाभर तळवा लाल, मग खरा लालसरपणा कसा ओळखायचा. काळी म्हणून विकतात त्या मेहंदीत केस काळे करायचं केमिकल असतं, ते तर दूरच बरं.

क्रीम लावायचं कसं, अन् कुठं नाही

अंघोळीनंतर पाय टिपून घ्यायचे, बोटांच्या बेचक्या मऊ फडक्यानं एकेक करून पूर्ण कोरड्या, तळवा मात्र किंचित दमट असतानाच क्रीम लावायचं, म्हणजे तो ओलावा आत राहतो. वाळून खडखडीत झालेल्या पायावर नुसतं खोबरेल चोळलं तर चकाकी येते, ओलावा येत नाही, कारण तेलात पाणीच नसतं, ते फक्त झाकण आहे. खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली वाईट नाही, स्वस्त आहे, चालते, फक्त दमट कातडीवर.

रोजच्या कोरडेपणाला १०% युरियाचं क्रीम पुरतं. टाच जाड अन् फाटलेली असेल तर २० ते २५%. ४०% चं पण येतं, ते डॉक्टरनं सांगितल्याशिवाय नाही. दिवसातून दोनदा. आणि भेगेतून रक्त येतंय, लाल मांस दिसतंय, तर तिथं युरिया लावायचाच नाही, ती आता जखम झाली, तिला जखमेसारखंच बघायचं, धुवायचं, स्वच्छ ड्रेसिंग करायचं, दाखवायचं.

बोटांच्या मध्ये क्रीम नको म्हणजे नको. तिथं आधीच हवा लागत नाही, वरून क्रीम बसलं की कातडी पांढरी पडून कुजते आणि चिखल्या होतात. पावसाळ्यात रानातून येणाऱ्यांना चिखल्या तशाही होतात, मग एकीकडं टाच कोरडी ठाक अन् बेचक्या ओल्या, दोन्हीला एकच मलम चालत नाही हे लोकांना पटत नाही. पावडरही भरू नका, ती ओली होऊन गोळे होतात.

रात्री क्रीम लावून तसंच फरशीवर चालू नका, म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरला तर भेग राहिली बाजूला, खुब्याचं ऑपरेशन करावं लागेल. सुती मोजे घाला, वरचं रबर सैल असलेले, शक्यतो पांढरे, म्हणजे रक्त-पू लागला तर सकाळी दिसतो. मोज्यांचा अजून एक उपयोग सांगतो, ऐकायला विचित्र वाटेल. तूप-तेल लावून जमिनीवर झोपणाऱ्या बधिर पायांना उंदीर कुरतडतात अन् माणसाला सकाळी रक्त बघूनच कळतं. धान्य घरात असतं, उंदीर असतातच, बाजेवर झोपा.

महिना झाला लावतोय, काहीच फरक नाही

असं म्हणणाऱ्याला मी आधी ट्यूब आणायला लावतो. महिन्यानंतरही अर्धी भरलेली असली तर उत्तर तिथंच मिळालं. दोन्ही पायांना दोनदा लावलं तर लहान ट्यूब महिना टिकतच नाही.

पण खरंच लावूनही फरक नसेल तर ते कोरडेपण नसून बुरशी असू शकते. तळव्याला पांढरट पिठासारखं, रेघांमध्ये जास्त, पायाच्या कडेपर्यंत चढलेलं, एका पायाला जास्त एकाला कमी, सोबत नखं जाड-पिवळी, असं असेल तर स्किनच्या डॉक्टरला दाखवा, बुरशीचं औषध वेगळं असतं अन् पूर्ण कोर्स करावा लागतो. इथं लोक काय करतात, शेजाऱ्याला फरक पडला म्हणून ती खाजेची मिक्स ट्यूब नेतात ज्यात स्टेरॉइड असतं. चार दिवस छान वाटतं, खाज जाते, आणि बुरशी खालून पसरत राहते, कातडी पातळ होते ती वेगळीच. दोष आमच्या धंद्याचापण आहे, मागितली की चिठ्ठी न बघता काढून देणारे कमी नाहीत.

थायरॉइड कमी असेल, किडनीचा त्रास असेल, सोरायसिस असेल तरी पाय असेच फाटतात. आणि शुगरच ३०० च्या आसपास फिरतेय, रात्रीतून चार-पाचदा लघवीला उठावं लागतंय, तर अंगातलं पाणीच बाहेर चाललंय, क्रीम बिचारं काय करणार.

चप्पलपण बघा. मागून उघडी, पातळ, टाच बाहेर लोंबणारी स्लीपर असेल तर टाचेची चरबी बाजूला पसरते अन् कडेनं फाटते. मागं पट्टा असलेली, मऊ एमसीआर रबराची चप्पल मिळते, दिसायला आजोबा-छाप आहे, घ्या. घालण्याआधी उलटी करून झटकायची, आत हात फिरवायचा आणि तळही बघायचा. वेड्या बाभळीचा काटा तळातून आरपार येतो अन् सोयाबीन काढल्यावरची धसकटं तर खिळ्यासारखी असतात.

आणि हे मात्र थांबायचं नाही, रविवार असो की सण: भेगेतून पू, घाण वास, लाली वर चढत चाललीय, बोट निळं-काळं पडलंय, ताप-थंडी, किंवा पाय न दुखता अचानक सुजून गरम झालाय. शेवटच्या प्रकाराला लोक मुरगळला म्हणून तेल चोळतात अन् चालत राहतात, त्यात आतली हाडं मोडत जातात. तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे, मोठं काही असेल तर परभणी, नांदेड, अंबाजोगाई, संभाजीनगरचा घाटी हा मोठा सरकारी दवाखाना, जिथं पोचता येईल तिथं पोचा, पण त्याच दिवशी.

अनवाणी

हे शेवटी ठेवलं कारण यावर भांडण होतं. एप्रिल-मेत पारा ४२-४३ च्या वर जातो, शहाबादी फरशी दुपारी तव्यासारखी होते, आणि चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला येडाईच्या यात्रेत माणसं अनवाणी असतात. नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालणाऱ्या बाया तर गल्लीगल्लीत आहेत, कोजागरीला तुळजापूरला पायी जाणारे वेगळेच. मी कुणाला देवाला जाऊ नका म्हणत नाही. सकाळी आठच्या आत दर्शन घ्या, दगड तापायच्या आधी, मंदिरासाठी वेगळे धुतलेले जाड मोजे पिशवीत ठेवा अन् आत ते घालून जा, आल्यावर पाय बघा. घरातही, अंगणातही, न्हाणीतही चप्पल, घरची वेगळी ठेवा म्हणजे कुणाचा आक्षेप नको.

आमच्या आत्याचा नवरात्राचा नेम होता, २० वर्षांचा. बाबांचा पाय बघितल्यावर तिनं मागच्या वर्षी नेम बदलला, चप्पल घालायची अन् त्याऐवजी नऊ दिवस चहा सोडायचा. मी विचारलं, देवीला चाललं का ते? म्हणाली, "देवीला चाललं रे, शेजारच्या मावशीला चालेना."